निव्वळ उत्पन्नापासून बाजारमूल्यापर्यंत : मुंबई इलाखा व महाराष्ट्रातील जमीन-मूल्यांकन पद्धतींचा ऐतिहासिक आढावा

१. प्रस्तावना

स्थावर मालमत्तेचे मूल्यांकन हा विषय आपल्याकडे प्रायः अभियांत्रिकी, वाणिज्य किंवा विधी शाखेच्या अभ्यासक्रमात शिकविला जातो. तेथे विद्यार्थ्यांना तीन प्रमुख पद्धतींचा परिचय करून दिला जातो. मालमत्तेपासून मिळणाऱ्या वार्षिक निव्वळ उत्पन्नाचे भांडवलात रूपांतर करणे ही पहिली पद्धत; तशीच मालमत्ता आज उभी करण्यास येणाऱ्या खर्चातून घसारा वजा करणे ही दुसरी; आणि शेजारच्या तत्सम मालमत्तेच्या अलीकडील खरेदी-विक्रीशी तुलना करणे ही तिसरी. या तिन्ही पद्धती पाठ्यपुस्तकात तांत्रिक व म्हणून तटस्थ वाटतात. इतिहासात मात्र त्या तशा राहिलेल्या नाहीत. कोणती पद्धत स्वीकारावी, या प्रश्नावर महाराष्ट्रात आणि तत्कालीन मुंबई इलाख्यात गावे ओस पडली, सत्याग्रह झाले आणि कायदे बदलले.

जमिनीची दुसरी प्रत तयार करता येत नाही. त्यामुळे शेतजमिनीच्या बाबतीत पुनर्निर्माण खर्चाची पद्धत फारशी लागू पडत नाही. म्हणून प्रस्तुत लेखात मुख्यतः उत्पन्नाधिष्ठित व तुलनाधिष्ठित या दोन पद्धतींचा येथील प्रवास तपासला आहे. मूल्यांकनाची प्रत्येक पद्धत ही मोजता न येणाऱ्या एखाद्या गोष्टीच्या जागी मोजता येणारी दुसरी गोष्ट ठेवते, आणि या अदलाबदलीत जी चूक शिरते तिचा भार सहसा मूल्यांकन करणाऱ्यावर न पडता जमीन कसणाऱ्यावर पडतो, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

२. पूर्वपीठिका

ब्रिटिशपूर्व काळात जमिनीची प्रतवारी अज्ञात होती असे नाही. निजामशाहीत मलिक अंबरने, तर शिवकाळात अण्णाजी दत्तो यांनी केलेली जमाबंदी प्रसिद्ध आहे. पाच हात पाच मुठींची काठी, वीस काठ्यांचा एक पांड, वीस पांडांचा एक बिघा आणि एकशे वीस बिघ्यांचा एक चावर हे मापन रूढ होते. पिकाच्या पाच हिश्शांपैकी दोन हिस्से सरकारचे व तीन रयतेचे, असे प्रमाण सभासदाच्या बखरीत नोंदविलेले आहे. पुढे पेशवाईत, विशेषतः थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत, कमाल आकार ठरविण्यात आला. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मात्र महाल मक्त्याने देण्याची प्रथा बळावली आणि आकार व प्रत्यक्ष वसुली यांचा संबंध तुटत गेला.

या सर्व व्यवस्थांत एक गोष्ट समान होती. मूल्य ठरविले जात होते ते पिकाचे, जमिनीचे नव्हे. जमीन ही बाजारात सहज विकली जाणारी वस्तू नव्हती. मिरासी हक्कांची खरेदी-विक्री होत असे, पण तिला वतन, मानपान व गावाची संमती यांची चौकट होती. त्यामुळे पिकावेगळे असे जमिनीचे स्वतंत्र मूल्य सैद्धांतिक सूत्राने काढण्याचा प्रयत्न १८१८ नंतरच, म्हणजे पेशवाईच्या अस्तानंतरच, सुरू झाला.

३. प्रिंगल यांची मोजणी : सिद्धांताचा प्रयोग

डेव्हिड रिकार्डो यांचा अर्थशास्त्रावरील प्रमुख ग्रंथ १८१७ साली प्रसिद्ध झाला. जमिनीचा खंड म्हणजे सुपीक जमिनीचे उत्पन्न आणि लागवडीखालील सर्वांत निकस जमिनीचे उत्पन्न यांतील फरक, हा त्यातील विचार. हा खंड कोणाच्या श्रमाचे फळ नसल्याने तो सरकारने घेतला तरी उत्पादनास बाधा येणार नाही, असा निष्कर्ष त्यातून काढता येत असे. कंपनी सरकारच्या लंडन येथील कचेरीत काम करणारे जेम्स मिल यांना हा विचार भारतातील जमीन महसुलाला लागू करण्याजोगा वाटत होता. कंपनीचे भावी अधिकारी ज्या हेलीबरी महाविद्यालयात शिकत, तेथे माल्थस हे अर्थशास्त्राचे अध्यापक होते. आर. के. प्रिंगल हे याच परंपरेतून आलेले तरुण अधिकारी होते.

१८२० च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रिंगल यांनी पुणे जिल्ह्यात मोजणी केली. त्यांची कार्यपद्धती तर्कदृष्ट्या निर्दोष होती. प्रथम शेते मोजावयाची, मग मातीच्या प्रती ठरवावयाच्या. प्रत्येक प्रतीच्या जमिनीत सरासरी किती पीक येते व त्याला काय भाव मिळतो हे पाहून ढोबळ उत्पन्न काढावयाचे. त्यातून बी, बैल, मजुरी इत्यादी लागवडीचा खर्च वजा करावयाचा. उरलेल्या निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के इतका सरकारचा सारा. उत्पन्नाधिष्ठित मूल्यांकनाची आजही हीच रीत आहे.

हा प्रयोग फसला. इंदापूर तालुक्यात तर जमिनी पडीक पडल्या, कुळे गाव सोडून शेजारच्या निजामाच्या मुलखात गेली, आणि सरकारला वारंवार सूट द्यावी लागली. या अपयशाची कारणे देताना प्रतबंदी करणाऱ्या कारकुनांची लाचखोरी, मोजणीतील चुका आणि शेतमालाचे घसरलेले भाव यांचा उल्लेख केला जातो. ही कारणे खरी आहेत. पण एक कारण पद्धतीच्या अंगभूत रचनेत आहे आणि ते गणिताने दाखविता येते.

समजा, एखाद्या शेताचे खरे ढोबळ उत्पन्न १०० रुपये व खर्च ६० रुपये आहे. निव्वळ उत्पन्न ४० रुपये, आणि त्याच्या ५५ टक्के म्हणजे २२ रुपये सारा. आता अंदाज करणाऱ्याने उत्पन्न केवळ दहा टक्क्यांनी जास्त, म्हणजे ११० रुपये, आणि खर्च दहा टक्क्यांनी कमी, म्हणजे ५४ रुपये धरला, तर कागदावरचे निव्वळ उत्पन्न ५६ रुपये होते आणि सारा ३० रुपये ८० पैसे होतो. खऱ्या निव्वळ उत्पन्नाच्या तो ७७ टक्के आहे. दोन मोठ्या राशींच्या वजाबाकीतून मिळणारी छोटी रक्कम हाच मूल्याचा पाया केला की मूळ अंदाजातील किरकोळ चूक अनेक पटींनी वाढते. शिवाय घरच्या माणसांची मजुरी, घरचा चारा, घरचे शेणखत यांना बाजारात भाव नसे. त्यामुळे खर्च कमी धरला जाण्याकडेच कल असणे स्वाभाविक होते. चांगल्या व वाईट वर्षांची सरासरी कागदावर काढता येत होती, परंतु कोरडवाहू प्रदेशातील कुळाला वाईट वर्षाचा सारा त्याच वर्षी भरावा लागत होता.

४. गोल्डस्मिड व विंगेट : सिद्धांताचा त्याग

१८३५-३६ मध्ये एच. ई. गोल्डस्मिड आणि अभियंता दलातील लेफ्टनंट जॉर्ज विंगेट यांनी त्याच इंदापूर तालुक्यात नव्याने काम सुरू केले. पुढे त्यांना डेव्हिडसन हे येऊन मिळाले आणि १८४७ च्या तिघांच्या संयुक्त अहवालाने या पद्धतीला निश्चित रूप आले. मुंबई इलाख्यातील रयतवारीचा तो आधारग्रंथच ठरला.

या अधिकाऱ्यांनी निव्वळ उत्पन्न मोजण्याचा नाद सोडून दिला. त्यांनी प्रश्नाचे दोन भाग केले. पहिला भाग सापेक्ष मूल्याचा : या शेताची प्रत त्या शेताच्या तुलनेत काय? त्यासाठी मातीचा पोत व खोली पाहण्यात आली. काळ्या, बारीक व एकसारख्या पोताची पावणेदोन हात खोल जमीन म्हणजे सोळा आणे. तेथून खाली नऊ प्रती, शेवटची दोन आण्यांची. चुनखडी, वाळू, उतार, पाण्याने धूप होण्याची शक्यता असे दोष आढळल्यास प्रत खाली उतरवावयाची. शेताचा आकार एका बैलजोडीला झेपेल असा ठेवून त्याला सर्व्हे नंबर द्यावयाचा आणि लागवडीस निरुपयोगी भाग पोटखराबा म्हणून वगळावयाचा. दुसरा भाग निरपेक्ष दराचा : गावांचा गट करून हवामान, बाजारपेठेचे अंतर, लागवडीची स्थिती आणि मागील अनेक वर्षांची वसुली पाहून त्या गटाचा कमाल दर ठरवावयाचा. हा दर तीस वर्षांसाठी कायम.

मूल्यांकनशास्त्राच्या दृष्टीने ही विभागणी महत्त्वाची आहे. जे खणून पाहता येते ते त्यांनी नियमबद्ध केले. जे पाहता येत नाही ते अधिकाऱ्याच्या अनुभवी निर्णयावर सोडले. दर मुद्दाम सौम्य ठेवल्यामुळे इंदापुरात पडीक जमीन पुन्हा लागवडीखाली आली. तथापि या यशाची दुसरी बाजूही आहे. कमाल दर का अमुकच, याचे उत्तर कोणत्याही सूत्रात नव्हते. सूत्र नसल्याने चूक सिद्ध करण्याचा मार्गही रयतेला नव्हता.

तीस वर्षांची मुदत संपल्यावर, १८६० च्या दशकाच्या उत्तरार्धात इंदापूरपासून फेरआकारणीस आरंभ झाला. त्याआधी अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) कापसाचे भाव भडकले होते व त्याबरोबर इतर शेतमालाचेही. त्या तेजीच्या छायेत दर वाढविण्यात आले आणि पाठोपाठ भाव कोसळले. रयतवारीने जमीन खातेदाराच्या नावावर निश्चित केल्यामुळे ती गहाण ठेवण्याजोगी व विकण्याजोगी झाली होती. साऱ्यासाठी कर्ज आणि कर्जासाठी जमीन अशी साखळी तयार झाली. १८७४ साली सरकारने वाढीवर मर्यादा घातल्या : गटासाठी ३३, एका गावासाठी ६६ आणि एका खात्यासाठी १०० टक्के. तरीही १२ मे १८७५ रोजी सुपे येथे सावकारांविरुद्ध दंगा उसळला. त्यानंतर चौकशी आयोग नेमण्यात आला आणि १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्ये दर तीस वर्षांनी होणाऱ्या सारावाढीवर जे कोरडे ओढले, त्यांची पार्श्वभूमी ही आहे.

१८७९ च्याच जमीन महसूल संहितेने मात्र एक न्याय्य तत्त्व कायम केले. खातेदाराने स्वखर्चाने केलेल्या सुधारणांमुळे, उदाहरणार्थ विहिरीमुळे, वाढलेल्या उत्पन्नावर फेरआकारणीत सारा वाढवावयाचा नाही. निसर्गदत्त मूल्य आणि श्रमनिर्मित मूल्य वेगळे काढण्याचा हा कायदेशीर प्रयत्न होता.

५. बारडोली : खंडाच्या आकड्यांची परीक्षा

पद्धतीचा वाद लोकलढ्याच्या केंद्रस्थानी आल्याचे ठळक उदाहरण म्हणजे १९२८ चा बारडोली सत्याग्रह. सुरत जिल्ह्यातील हा तालुका तेव्हा मुंबई इलाख्यात होता. फेरआकारणीचे काम करणारे अधिकारी जयकर यांनी मुख्यतः शेतमालाच्या वाढलेल्या भावांच्या आधारे सुमारे ३० टक्के वाढ सुचविली. जमाबंदी आयुक्त अँडरसन यांनी हा आधार अमान्य केला आणि त्याऐवजी जमिनींच्या खंडाचे आकडे प्रमाण मानले. पण त्यांचाही निष्कर्ष २९ टक्क्यांच्या आसपास आला. सरकारने शेवटी सुमारे २२ टक्के वाढ मंजूर केली.

खंड हा जमिनीच्या निव्वळ उत्पन्नाचा बाजाराने केलेला अंदाज आहे, हे तत्त्व चुकीचे नाही. प्रिंगल यांना जी वजाबाकी करता आली नाही ती कूळ व मालक आपापसात करतात, असे त्यामागील गृहीत आहे. पण त्यासाठी खंडाचे व्यवहार पुरेसे, प्रातिनिधिक व निर्मळ असावे लागतात. बारडोलीत खंडाने दिलेली जमीन एकूण जमिनीच्या मानाने अँडरसन यांनी धरली त्याहून पुष्कळच कमी होती. काही खंडपत्रे वस्तुतः गहाणाचे व्याज होती; काही कापसाच्या असाधारण तेजीच्या वर्षांतील होती. प्रत्येक गावी जाऊन या व्यवहारांची छाननी झालेली नव्हती.

वल्लभभाई पटेल यांच्या नेतृत्वाखाली फेब्रुवारी ते ऑगस्ट १९२८ या काळात सारा न भरण्याचा लढा चालला. मागणी सारामाफीची नव्हती, निष्पक्ष चौकशीची होती. त्यानंतर नेमलेल्या ब्रूमफील्ड व मॅक्सवेल यांच्या समितीने गावोगाव फिरून खंडपत्रे तपासली आणि ५.७ टक्के इतकीच वाढ योग्य असल्याचे १९२९ मध्ये सांगितले. तीच जमीन, तेच तत्त्व. फरक फक्त आकड्यांच्या पडताळणीचा. २२ आणि ५.७ यांतील अंतर हे न तपासलेल्या पुराव्याची किंमत होती असे म्हणावे लागेल.

६. भूसंपादन आणि बाजारमूल्य

आतापर्यंतचे विवेचन सरकार रयतेकडून काय घेते याविषयीचे होते. सरकार जमीनच घेते तेव्हा काय द्यावे, या प्रश्नाचे उत्तर १८९४ च्या भूसंपादन कायद्याने ‘बाजारमूल्य’ या शब्दात दिले. अधिसूचनेच्या दिनांकाचे बाजारमूल्य आणि सक्तीच्या संपादनाबद्दल त्यावर १५ टक्के दिलासा रक्कम. ज्या प्रकल्पासाठी जमीन घेतली जात आहे त्या प्रकल्पामुळे होणारी भाववाढ मात्र जमेस धरावयाची नाही.

१९३९ साली विशाखापट्टणम येथील गजपतिराजू यांच्या दाव्यात प्रिव्ही कौन्सिलने या शब्दाचा अर्थ स्पष्ट केला. विकण्यास राजी असलेला विक्रेता व घेण्यास राजी असलेला ग्राहक यांच्यात जी किंमत ठरेल ती बाजारमूल्य, आणि त्यात जमिनीच्या भावी उपयुक्ततेचाही विचार व्हावयास हवा, मग त्या उपयुक्ततेचा संभाव्य ग्राहक संपादन करणारी संस्था एकटीच का असेना. त्या जमिनीत पाण्याचा झरा होता आणि त्याची गरज तेथील बंदराला होती.

परंतु राजी विक्रेत्याची ही कल्पना ज्याला विकावयाचेच नाही त्याला कशी लागू करावयाची? मुळशी पेट्यातील १९२१ ते १९२४ चा सत्याग्रह हा या प्रश्नाचा मुळशीकरांनी मांडलेला पाठ होय. टाटांच्या जलविद्युत प्रकल्पासाठी सरकारने या कायद्यान्वये जमिनी संपादित केल्या. सेनापती बापट व विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली मावळे उभे राहिले. आंबेमोहोर पिकविणाऱ्या त्या खाचरांपैकी बऱ्याच जमिनी कर्जापायी पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या होत्या. बाहेर राहणाऱ्या मालकाला मोबदल्याची रक्कम पुरेशी वाटू शकत होती. कसणाऱ्याला मात्र तिच्यात घर, देवराई, शेजार व उद्याची उपजीविका दिसत नव्हती. एकाच शेताची दोन मूल्ये होती. कायद्याने त्यांपैकी बाजारात दिसणारे तेवढे ओळखले.

तुलनात्मक पद्धतीची आणखी एक मर्यादा स्वातंत्र्योत्तर काळात उघड झाली. मुद्रांक शुल्क वाचविण्यासाठी खरेदीखतात किंमत कमी दाखविण्याची सवय सार्वत्रिक होती. भूसंपादनाच्या वेळी तीच खते पुरावा म्हणून पुढे येत. ज्यांनी कधी जमीन विकली नाही अशा शेतकऱ्यांना शेजाऱ्याच्या खोट्या किमतीवरून मोबदला मिळे. १९८४ च्या दुरुस्तीने दिलासा रक्कम ३० टक्क्यांवर नेली, पण पायाच कमी असल्यावर त्यावरील टक्केवारी किती उपयोगी पडणार?

७. शीघ्रसिद्धगणक आणि जुन्या प्रतींचे पुनरागमन

महाराष्ट्रात १९९५ च्या नियमांन्वये मालमत्तेच्या बाजारमूल्य दरांचे वार्षिक तक्ते तयार होऊ लागले. व्यवहारात ‘रेडी रेकनर’ व शासकीय मराठीत ‘शीघ्रसिद्धगणक’ म्हणून ते ओळखले जातात. शुल्कचोरी रोखणे हा त्यांचा मूळ हेतू. अशा तक्त्यातील दर म्हणजे भूसंपादनातील बाजारमूल्य नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने जवाजी नागनाथम प्रकरणात १९९४ साली आंध्र प्रदेशातील मूल्यांकन नोंदवहीसंबंधी स्पष्ट केले होते. २०१३ च्या नव्या भूसंपादन कायद्याने मात्र मुद्रांक कायद्याखालील दर, आधीच्या तीन वर्षांतील वरच्या निम्म्या खरेदीखतांची सरासरी आणि संमतीने ठरलेली रक्कम यांपैकी जे अधिक असेल ते आधारभूत मानले. त्याला ग्रामीण भागात गुणक लावून दिलासा रक्कमही शंभर टक्के केली. अशा रीतीने करासाठी तयार झालेला तक्ता मोबदल्याचा एक पाया बनला.

येथे इतिहासाच्या अभ्यासकाचे लक्ष एका तपशिलाकडे वेधले पाहिजे. ग्रामीण भागातील या तक्त्यांत शेतजमिनीचे दर देताना प्रति हेक्टर आकारणीचे गट पाडलेले आढळतात. अधिक आकाराच्या जमिनीला अधिक दर. हा आकार सातबाऱ्यावरून घेतला जातो. सातबाऱ्यावरील आकाराचे मूळ एकोणिसाव्या शतकातील प्रतबंदीत आहे. फेरआकारणीत दर बदलले तरी मूळ प्रत सहसा कायम ठेवली गेली. म्हणजे कोणे एके काळी मोजणीदाराने खड्डा खणून, पावणेदोन हात की सव्वा हात हे पाहून लिहिलेले आणे आजच्या मूल्यांकनातही बोलत आहेत. साऱ्याची रक्कम आज नाममात्र राहिली असल्याने तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. ज्याची जमीन हलक्या प्रतीची लिहिली गेली त्याला पूर्वी सारा कमी पडला. तोच आकडा आज त्याच्या वारसाच्या जमिनीचा दर खाली ओढतो.

८. निष्कर्ष

वरील आढाव्यातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, सिद्धांताची शुद्धता म्हणजे मूल्यांकनाची अचूकता नव्हे. प्रिंगल यांचे सूत्र बरोबर होते, पण त्यात घालावयाचे आकडे उपलब्ध नव्हते. दुसरी, बाजारमूल्य हे आपोआप सापडत नाही. खंड असो वा खरेदीखत, त्या व्यवहाराची परिस्थिती तपासल्याखेरीज तो पुरावा होत नाही, हे बारडोलीने दाखविले. तिसरी, एका हेतूने केलेले मूल्यांकन दुसऱ्या हेतूसाठी वापरले गेले की त्यातील सौम्यपणा अन्यायात बदलू शकतो. साऱ्यासाठी कमी धरलेले मूल्य रयतेच्या हिताचे होते. मोबदल्यासाठी तेच अहिताचे ठरते.

आज संगणकीय प्रतिमाने व उपग्रह-चित्रे यांच्या साहाय्याने मूल्यांकन करण्याचे प्रयत्न होत आहेत. त्यांचे स्वागतच करावयास हवे. मात्र कोणत्याही नव्या साधनास इंदापूर व बारडोलीने घातलेले प्रश्न विचारावे लागतील : आकडे कोणी गोळा केले, ते कोणी तपासले, आणि ते चुकले तर ते सिद्ध करण्याची सोय कोणाजवळ आहे? महाविद्यालयीन अध्यापनात मूल्यांकनाची सूत्रे शिकविताना त्यांचा हा स्थानिक इतिहासही शिकविला जावा. सूत्र पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला ते कोणाच्या शेतावर लावले जाणार आहे हेही ठाऊक असणे आवश्यक आहे.